शेततळ्यात कोण कोणासोबत नांदतं?
(उपजीविका पाठ : मत्स्यशेती)



पावसाळा जवळ आला की आपल्या ढाणकी-बिटरगाव भागातल्या गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. "वावरात शेततळं आहे, पाणी साठतं, मग त्यात मासे सोडायचे का?" विचार चांगला आहे. ज्या पाण्यावर हळद किंवा हरभरा भिजतो, त्याच पाण्यात आधी मासा वाढला तर गटाला दोन पैसे जास्त मिळतात. पण पुढचा प्रश्न येतो, "कोणते मासे सोडायचे?" आणि बहुतेक वेळा उत्तर असतं, "जे मिळतील ते."

आजचा पाठ या उत्तराबद्दल आहे. शेळी मनासारखी निघाली नाही तर बाजारात विकता येते. कोंबडी आजारी पडली तर डोळ्यांना दिसते. मासा एकदा पाण्यात गेला की तो दिसत नाही, मोजता येत नाही आणि वेगळा काढता येत नाही. चुकीचं बियाणं पडलं हे कळतं जाळं ओढल्यावर, म्हणजे सात-आठ महिन्यांनी. तोपर्यंत गटातून घेतलेल्या कर्जाचे हप्ते चालूच असतात. म्हणून मासे निवडायचं काम तळ्याच्या काठावर करायचं नाही, बैठकीत बसून करायचं.

निवडताना प्रत्येक माशाबद्दल तीन प्रश्न विचारायचे:
१. हा मासा काय खातो आणि पाण्याच्या कोणत्या थरात खातो?
२. हा दुसऱ्या माशाला खातो का?
३. याची पिल्लं आपल्याच तळ्यात होतात का?

या तीन प्रश्नांची उत्तरं पाठ झाली की विक्रेता काहीही सांगो, तुम्ही फसणार नाही.

तीन मजल्यांचं घर

शेततळ्याकडे तीन मजल्यांचं घर म्हणून बघा. वरचा मजला म्हणजे उन्हाजवळचं पाणी. तिथे डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक जीव तरंगत असतात. मधल्या मजल्यावर शेवाळ आणि कुजलेल्या पानांचे तुकडे असतात. तळमजल्यावर गाळ असतो. त्यात सडका पालापाचोळा आणि किडे असतात. म्हणजे तिन्ही मजल्यांवर स्वयंपाक तयार असतो, पण पदार्थ वेगवेगळे.

आता तळ्यात फक्त वर खाणारेच मासे सोडले तर काय होईल? वरच्या मजल्यावर गर्दी होईल आणि खालचं अन्न वाया जाईल. वर कमी पडलेलं खाद्य आपल्याला विकत आणून टाकावं लागेल. म्हणून प्रत्येक मजल्यावर एक कुटुंब ठेवायचं. याला मिश्र मत्स्यशेती म्हणतात. आपण तुरीच्या ओळीत सोयाबीन घेतो ना, तोच हिशोब पाण्यात लावायचा.

नांदणाऱ्या तिघी : कटला, रोहू, मृगळ

कटला वरच्या मजल्यावर राहतो आणि पाण्यातले बारीक जीव खातो. डोकं मोठं, अंग रुंद आणि तोंड वरच्या बाजूला वळलेलं, हीच त्याची ओळख. वरचं खायचं म्हणून तोंड वर, असं लक्षात ठेवा. तिघांमध्ये सगळ्यात झपाट्याने वाढणारा हाच, पण त्याला जागा मोकळी लागते. गर्दी झाली की तोच आधी मागे पडतो.

रोहू मधल्या मजल्यावरचा. शेवाळ आणि कुजलेली पानं हे त्याचं जेवण. अंग लांबट, खवल्यांवर लालसर झाक आणि खालचा ओठ झालरीसारखा असतो. बाजारात त्याला मागणी चांगली असते.

मृगळ तळमजल्यावर, गाळातलं खातो. अंग सडपातळ आणि चंदेरी, डोकं लहान, तोंड किंचित खालच्या बाजूला. वरच्या दोघांचं उरलेलं खाद्य तळाशी गेलं की तो ते साफ करतो. तो नसेल तर तेच खाद्य सडून पाणी खराब करतं.

आता आपले तीन प्रश्न लावून बघा. तिघांचं जेवण वेगळं. तिघांपैकी कोणीच दुसऱ्याला खात नाही. आणि तिसरं म्हणजे साचलेल्या पाण्यात यांची पिल्लं होत नाहीत. यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून पाचशे सोडले तर पाचशेच्या वर कधी जात नाहीत, आणि आपला खाद्याचा हिशोब चुकत नाही.

पाण्यात पिल्लं होत नाहीत तर मग बियाणं येतं कुठून? पूर्वी पुराच्या वेळी नदीतून गोळा करायचे. त्यात चांगल्या माशांसोबत दुसऱ्यांना खाणाऱ्या माशांचीही पिल्लं यायची. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही या शास्त्रज्ञांनी माशाच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून, नदीशिवाय या माशांची अंडी मिळवली. त्यामुळे एकाच जातीचं, निवडक बियाणं मिळू लागलं. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा आपल्या देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस पाळतात. निवडक बियाणं ही इतक्या कष्टाने मिळालेली सोय आहे, आणि आपण "मिक्स द्या" म्हटलं की ती सोय आपणच सोडून देतो.

किती सोडायचे? चला, मांडून बघू

३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद शेततळं धरू. 'मागेल त्याला शेततळे' योजनेत २०१६ पासून झालेल्या तळ्यांमधला हा सगळ्यात मोठा आकार होता. त्याचं क्षेत्र ९०० चौरस मीटर, म्हणजे ९ आर.

मोठ्या तलावांसाठी हेक्टरी ५ हजार ते १० हजार बोटुकली सांगितली जाते. बोटुकली म्हणजे बोटाएवढं, दोन ते चार इंचांचं पिल्लू. पहिल्या वर्षी आपण खालचा आकडा धरायचा. ९ आरला साधारण ४५० येतात. काही मरतील हे धरून ५०० आणायचे. त्यांची वाटणी चारास तीन, तीन अशी:

कटला – २००
रोहू – १५०
मृगळ – १५०

तळं १५ बाय १५ मीटरचं असेल तर क्षेत्र निम्मं होत नाही, चौथा हिस्सा होतं, हे विसरू नका. तिथे १२५ पिल्लंच पुरतात: कटला ५०, रोहू ४०, मृगळ ३५.

"एवढेच? हजार सोडले तर दुप्पट नाही का मिळणार?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. नाही मिळणार. तळ्यातलं अन्न आणि हवा तेवढीच असते. हजार सोडले तर काही उपाशी राहतात, काही मरतात, आणि उरलेले पावशेरावर अडकतात. पावशेराच्या माशाला गिऱ्हाईक भाव देत नाही.

आता उत्पन्नाचा अंदाज. समजा ५०० पैकी ३५० जगले आणि प्रत्येक सरासरी अर्धा किलोचा झाला, तर १७५ किलो मासा होतो. काठावर किलोला १०० रुपये मिळाले असं धरलं तर १७,५०० रुपये. बाहेरून खाद्य देणार असाल तर एक किलो मासा वाढायला साधारण दोन किलो खाद्य लागतं, म्हणजे ३५० किलो. ढेप आणि कोंड्याचा आपल्या बाजारातला भाव, बियाणं, गाडीभाडं आणि जाळ्याचं भाडं यातून वजा करा. उरेल ती कमाई. भाव दरवर्षी बदलतो, म्हणून माझे आकडे उतरवून घेऊ नका. तुमच्या गटाने स्वतः बाजारात विचारून मांडणी करायची.

चौथा पाहुणा घ्यायचा का?

विक्रेत्याकडे आणखी तीन मासे मिळतात: चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस. तिन्ही बाहेरच्या देशातून आलेले. वाईट नाहीत, पण प्रत्येकाची एक अट आहे.

चंदेरा वरच्या मजल्यावर राहतो. तिथे कटला आधीच आहे. चंदेरा जास्त झाला की कटल्याच्या वाढीवर परिणाम होतो. शिवाय पाण्याबाहेर काढल्यावर तो लवकर मरतो आणि लवकर खराब होतो. बाजार लांब असेल तर त्याच्या नादी लागू नका.

गवत्या नावाप्रमाणे गवत आणि पाणवनस्पती खातो. तळ्यात वनस्पती माजल्या असतील किंवा रोज हिरवा चारा टाकायला घरात कोणी असेल तरच घ्यायचा, तोही शंभरात पाच. चारा मिळाला नाही तर तो इतरांच्या खाद्यावर येतो.

सायप्रिनस तळमजल्यावर राहतो, म्हणजे मृगळच्या ताटात जेवतो. त्याच्या तोंडाजवळ दोन जोड्या मिशा आणि पाठीवर लांब पर असतो. तळ आणि काठ उकरायची त्याला सवय असते. आपली काळी माती, त्यात याने काठ उकरला की पाणी सदा गढूळ राहतं. आणखी एक म्हणजे साचलेल्या पाण्यातही हा अंडी घालतो. आपला तिसरा प्रश्न इथे नापास होतो.

म्हणून पहिल्या वर्षी तिघीच ठेवा. दुसऱ्या वर्षी, पाणी वर्षभर टिकत असेल आणि हात बसला असेल, तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या माणसाला तळं दाखवून चौथ्याचा विचार करा.

यांना दारातसुद्धा उभं करू नका

मरळ. चवीला उत्तम, भावही कटल्यापेक्षा चढा. त्यामुळे "दहा-वीस मरळ टाकून दे" असा सल्ला घरातूनच येतो. पण मरळ हा मासे खाणारा मासा आहे. बोटुकली हे त्याचं आवडतं जेवण. मरळ पाळायचा असेल तर त्याचं तळं वेगळं आणि शिक्षणही वेगळं. या तळ्यात नको.

मांगूर. अंगावर खवले नाहीत आणि तोंडाभोवती चार जोड्या मिशा, ही त्याची खूण. देशी मांगूर आपल्या नद्यांतला जुना मासा, पण तोही बारीक पिल्लं खातो. खरा धोका आहे परदेशी मांगूरचा. त्याला आफ्रिकन किंवा थाई मांगूर म्हणतात. तो झपाट्याने वाढतो, काहीही खातो, आणि पुरात निसटून नदीत गेला तर तिथले मासेही संपवतो. केंद्र सरकारने २००० सालीच त्याच्या पालनावर बंदी घातली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही तो पाळणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. "ताई, सहा महिन्यांत दोन किलोचा होतो," असं कोणी सांगायला आलं तर समजून जा. कारवाई झाली तर मासे नष्ट करतात आणि गटाचे पैसे जातात. आपल्या भागातला नाला शेवटी पैनगंगेलाच मिळतो, तेव्हा नुकसान एका तळ्यापुरतं राहत नाही.

चिलापी (तिलापिया). हा मासा १९५२ मध्ये आपल्या देशात आणला गेला. तो दुसऱ्याला फारसा खात नाही, पण तिसऱ्या प्रश्नाला पूर्ण नापास आहे. दोन-तीन महिन्यांचा झाला की अंडी द्यायला लागतो. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं भरपूर जगतात. पाच-दहा चिलापी चुकून आले तरी हंगाम संपेपर्यंत तळं बोटाएवढ्या चिलापींनी भरतं, आणि आपल्या रोहू-कटल्याचं खाद्य तेच खातात. त्याची सुधारित जात पाळायला सरकारी परवानगी लागते.

बियाणं सोडण्याआधी घर झाडून घ्या

आपण विकत न आणलेले मासेही तळ्यात येतात. पावसात नाल्यातून चढणीचे मासे येतात, त्यात मरळचं पिल्लू असतंच. म्हणून:

उन्हाळ्यात तळं पूर्ण आटू द्या. तळाला भेगा पडेपर्यंत वाळलं की जुने मासे आणि त्यांची अंडी उरत नाहीत. हा सगळ्यात स्वस्त उपाय.

पाणी आटत नसेल तर जाळं ओढून जुने मासे काढा. तरीही शंका असेल तर मोहाची ढेप वापरतात. १० आरचं तळं आणि एक मीटर पाणी असेल तर २५० किलो ढेप लागते. तिच्यामुळे मासे मरतात आणि नंतर तिचंच खत होतं. ढेप टाकल्यावर कमीत कमी तीन आठवडे नवीन बियाणं सोडायचं नाही. ते पाणी त्या काळात जनावरांनाही दाखवायचं नाही.

मातीच्या तळ्यात १० आरला २० ते २५ किलो चुना पसरा. आठ दिवसांनी २०० किलो कुजलेलं शेणखत टाका. पंधरा दिवसांत पाण्याला हिरवट झाक येते. ती झाक म्हणजे वरच्या मजल्यावर स्वयंपाक तयार झाला. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात गाळ नसतो, म्हणून तळमजल्याचं अन्न कमी तयार होतं. तिथे मृगळ थोडे कमी करा, शेण पोत्यात बांधून पाण्यात लटकवा आणि बाहेरच्या खाद्याची तयारी आधीपासून ठेवा.

पाणी आत येतं त्या तोंडाला आणि जास्तीचं बाहेर जातं त्या तोंडाला बारीक जाळी बांधा. जाळी नसेल तर आपले मासे नाल्यात जातात आणि नाल्यातले आपल्याकडे येतात.

बियाणं घेताना

मत्स्यव्यवसाय विभागाचं जिल्हा कार्यालय यवतमाळला आहे. सरकारी मत्स्यबीज कुठे आणि कधी मिळेल, सध्याचा दर काय, हे तिथे विचारून घ्या. गटाच्या लेटरहेडवर मागणीपत्र द्या आणि पोच घ्या. खाजगी विक्रेत्याकडून घेणार असाल तर या गोष्टी पाळा:

तिन्ही जाती वेगवेगळ्या पिशव्यांत मागा. एकत्र पिशवी म्हणजे कोणता किती हे कोणालाच माहीत नाही.

प्रत्येक पिशवीतून एका पांढऱ्या घमेल्यात थोडी पिल्लं काढून बघा. मिशा असलेलं आणि बिनखवल्याचं पिल्लू दिसलं तर ती पिशवी परत. पाठीच्या परावर काटे टोचले तर तो चिलापी, तीही परत.

सगळी पिल्लं सारख्या आकाराची हवीत. लहान-मोठी एकत्र असली तर मोठी खातात आणि लहान उपाशी राहतात. स्वस्त म्हणून जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, घेऊ नका. आपल्या तळ्यांत पाणी कमी महिने टिकतं, म्हणून मोठी बोटुकली परवडते.

पिशवी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी आणा. आणल्या आणल्या ओतू नका. बंद पिशवी वीस मिनिटं तळ्यावर तरंगत ठेवा. मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घाला आणि पिल्लांना आपणहून बाहेर येऊ द्या. नवी सून घरात आल्यावर तिला दोन दिवस रुळू देतो, तसंच.

पावती घ्या. पावतीवर जात, संख्या आणि तारीख लिहून घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोंडी शब्द चालत नाही.

सोडल्यानंतर

खाद्य म्हणून शेंगदाण्याची ढेप आणि भाताचा कोंडा समप्रमाणात मिसळून देतात. प्रमाण असं काढा: तळ्यात अंदाजे ४०० मासे आणि प्रत्येक १०० ग्रॅमचा, तर एकूण वजन ४० किलो. त्याच्या शंभरात तीन, म्हणजे रोज १ किलो २०० ग्रॅम. महिन्यातून एकदा जाळं टाकून दहा-बारा मासे तोला आणि हिशोब बदला. तिन्ही जातींची वजनं वहीत वेगवेगळी लिहा. कटला वाढत नसेल तर वरच्या मजल्यावर गर्दी आहे. मृगळ वाढत नसेल तर तळाला अन्न कमी आहे. कोणाची अडचण आहे ते वही सांगते.

पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवा. तळवा अंधुक दिसला तर ठीक. मनगट बुडताच तळवा हिरव्या पाण्यात दिसेनासा झाला तर शेण आणि खाद्य दोन्ही थांबवा. ढगाळ दिवसांत पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर पाण्यातली हवा कमी झाली आहे. ताजं पाणी सोडा, किंवा बादलीने पाणी उचलून उंचावरून ओता.

फवारणीचा पंप तळ्यात धुवायचा नाही, तळ्याजवळही नाही. कपाशी-सोयाबीनवरची बरीच औषधं माशाला थेंबभरही चालत नाहीत. २०१७ च्या फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. ज्या औषधानं माणूस जातो त्यापुढे मासा किती टिकणार? घरातल्या पुरुषांना हे बैठकीचा ठराव म्हणून सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. प्लास्टिकचं तळं निसरडं असतं, पडलेल्याला वर येता येत नाही. चारही बाजूंनी कुंपण घाला. आत गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम ठेवा. खाद्य टाकायला लहान लेकरांना पाठवू नका.

ताईंचे प्रश्न

मोबाईलवर रंगीत समुद्री माशांचा धंदा दाखवतात. आपण करू शकतो का?
खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत एक लिटर पाण्याला साधारण ३५ ग्रॅम मीठ लागतं, तेही खास मिश्रणाचं, जेवणातलं नाही. वीज गेली आणि हवा थांबली की मासे धोक्यात. तिथेही कोण कोणासोबत नांदतं हा प्रश्न आहेच. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश जोडीने राहतो, डॅमसेल जातीचे मासे आपली जागा राखायला दुसऱ्यांच्या मागे लागतात, आणि लायनफिश लहान सोबत्यांना गिळतो. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर सरकारी मत्स्य संशोधन संस्थेने महिलांना असे शोभेचे समुद्री जीव वाढवायला शिकवलं आहे. पण त्यांच्या दारात समुद्र आहे. आपल्या दारात शेततळं आहे, तर सुरुवात तिथून करू.

गावच्या तलावात सोडले तर?
तलाव बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेला किंवा ठेक्याने दिलेला असतो. त्यावर भोई कुटुंबांचं पोट असतं. आधी ग्रामपंचायतीत चौकशी करा. परवानगीशिवाय एकही पिल्लू सोडू नका. जाळं ओढायला आणि मासा ओळखायला मात्र याच कुटुंबातल्या बाया-माणसांना मजुरी देऊन बोलवा. त्यांच्याएवढी नजर कोणाची नाही.

तळं सासऱ्यांच्या नावावर आहे, पैसे गटाचे. मग?
आधी कागद करा. किती महिने तळं वापरायचं, पिकाला पाणी कधी उपसायचं, विक्रीतून तळ्याच्या मालकाला किती आणि गटाला किती, हे लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. जानेवारीत न विचारता मोटर लागली आणि पाणी गुडघाभर झालं तर सगळी निवड वाया जाते. मासे वाढेपर्यंत निदान पाच फूट पाणी राहील हे कागदात हवं.

अनुदान मिळतं का?
२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांसाठी खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत तरतूद ठेवली गेली. आपल्या कामाला ती लागू होते का, हे जिल्हा कार्यालयात विचारा. मंजुरीचा कागद हातात येईपर्यंत अनुदान धरून खर्च करू नका.

पुढच्या बैठकीसाठी काम

१. गटातल्या प्रत्येक तळ्याची लांबी-रुंदी मोजा आणि गेल्या वर्षी कोणत्या महिन्यापर्यंत किती फूट पाणी होतं ते लिहा. आठ महिने पाणी राहत नसेल तर त्या तळ्यात या वर्षी मासे नकोत.
२. त्या मापाप्रमाणे कटला, रोहू, मृगळ यांची संख्या काढा.
३. बियाणं बघून घ्यायला दोन ताई नेमा. बाजारातून एक कटला, एक रोहू, एक मृगळ आणून सगळ्यांनी तोंडाची ठेवण बघा. बघून झाल्यावर कालवण करा, धडा लक्षात राहील.
४. बियाणं, खाद्य आणि भाड्याचा खर्च मांडून मगच कर्जाची मागणी ग्रामसंघाकडे ठेवा. मागणीपत्रावर जाती आणि संख्या लिहिलेली असावी. नुसतं "मत्स्यबीज" असं लिहिलं असेल तर ग्रामसंघाच्या अध्यक्ष ताईंनी ते परत पाठवावं.

संख्या काढताना अडलं तर तुमच्या सीआरपी ताईंना सांगा. पावसाच्या आधी प्रत्येक गटासोबत एकदा मांडणी तपासायला मी येणार आहे. तळ्याचं माप तयार ठेवा.

– तुमची क्षेत्र समन्वयक, ढाणकी